जुना डूम आज कसा खेळायचा: इंजिन निवडण्यापासून पहिल्या नकाशापर्यंत

डूम हा राक्षसांना गोळ्या घालायचा खेळ १० डिसेंबर १९९३ रोजी आला तेव्हा तो डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा. त्याची मूळ प्रोग्राम फाइल आज विंडोज ११ वर डबल-क्लिक केली तर उघडतसुद्धा नाही. तरीही डूमसाठी आजही नवे नकाशे येताहेत आणि तीस वर्षांपूर्वीचे नकाशे लोक पुन्हा पुन्हा खेळताहेत. याचं श्रेय खेळणाऱ्यांनीच लिहिलेल्या, फावल्या वेळात सांभाळलेल्या इंजिनांना जातं. नवख्या माणसाची पंचाईत मात्र इथेच होते. चॉकलेट डूम, क्रिस्पी डूम, वूफ, डीएसडीए-डूम, जीझेडडूम, यूझेडडूम अशी नावांची रांग समोर उभी राहते आणि यातलं घ्यायचं कोणतं, ते कुणी धड सांगत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्यांत चांगलं असं एक इंजिन नाही. तुम्हाला जो नकाशा खेळायचा आहे तो कोणत्या इंजिनाच्या नियमांवर बांधला आहे, ते आधी बघायचं. मग ते नियम पाळणारं आणि आज कुणीतरी सांभाळत असलेलं इंजिन घ्यायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच दोन गोष्टींभोवती आहेत.

पायरी १: इंजिन वेगळं, डेटा वेगळा

डूम म्हणजे दोन वस्तू. एक प्रोग्राम, म्हणजेच इंजिन, जो चित्र काढतो, राक्षसांना हलवतो, गोळी लागली की नाही ते ठरवतो. दुसरी वस्तू म्हणजे वॅड फाइल, जिच्यात नकाशे, चित्रं, आवाज आणि संगीत भरलेलं असतं. टेपरेकॉर्डर आणि कॅसेट असा हा मामला आहे.

डूम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअर कंपनीच्या जॉन कारमॅक यांनी २३ डिसेंबर १९९७ रोजी डूमचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुला केला. डॉसच्या आवृत्तीत आवाजासाठी बाहेरून घेतलेली लायब्ररी होती, तिचा कोड वाटायचा हक्क कंपनीकडे नव्हता. म्हणून जो कोड बाहेर आला तो लिनक्सच्या आवृत्तीचा. १९९९ मध्ये त्याला जीपीएल परवाना मिळाला. त्यानंतर कुणीही तो कोड घेऊन, बदलून, पुन्हा वाटू शकत होतं. अट एवढीच की बदललेला कोडही खुला ठेवायचा.

हे सगळं फक्त कोडला लागू आहे. नकाशे आणि चित्रं अजूनही कंपनीच्या मालकीची आहेत. म्हणून इंजिन फुकट मिळतं आणि डूम २ ची वॅड फाइल मात्र विकत घ्यावी लागते. एखाद्या साइटवर दोन्ही एकत्र बांधून फुकट दिलेलं दिसलं तर ते घेऊ नका.

पायरी २: वॅड मिळवा

पैसे खर्च न करता सुरुवात करायचे दोन मार्ग आहेत. पहिला, डूमची शेअरवेअर आवृत्ती. हिच्यात पहिला भाग, म्हणजे नऊ नकाशे असतात. फाइलचं नाव 'डूम१ डॉट वॅड' आणि आकार जेमतेम ४ एमबी. इड सॉफ्टवेअरने ही आवृत्ती वाटण्यासाठीच काढली होती, त्यामुळे ती निःशंकपणे घ्या. दुसरा मार्ग फ्रीडूम. हा स्वयंसेवकांनी शून्यापासून बनवलेला पूर्ण डेटा आहे: वेगळे राक्षस, वेगळी चित्रं, वेगळं संगीत, पण आतली रचना डूमशी जुळणारी. त्याच्या 'फेज २' फाइलवर डूम २ साठी बनवलेले बरेचसे नकाशे चालतात. दिसायला वेगळे दिसतात, एवढंच.

विकत घ्यायचं असेल तर स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन दुकानांतून घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये डूम आणि डूम २ एकत्र करून नवी आवृत्ती काढली गेली. त्यामुळे इन्स्टॉल झाल्यावर फोल्डरमध्ये एकाच नावाच्या वॅडच्या एकाहून जास्त प्रती सापडू शकतात. जुन्या डॉस आवृत्तीची प्रत ज्या फोल्डरमध्ये आहे तीच घ्या, कारण जुने नकाशे आणि खेळाची जुनी रेकॉर्डिंग तिच्यावर तपासलेली असतात.

एक छोटी तपासणी शिकून ठेवा. कुठलीही वॅड फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. पुढे सगळा अगम्य मजकूर दिसेल, पण अगदी पहिली चार अक्षरं वाचता येतात: 'आयवॅड' किंवा 'पीवॅड'. आयवॅड म्हणजे पूर्ण खेळाचा मूळ डेटा, पीवॅड म्हणजे त्यावर चढवायची भर. इंजिनाला एक आयवॅड लागतेच. पीवॅड एकटी चालत नाही. 'डाउनलोड केलेला नकाशा सुरूच होत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते. फाइल न सेव्ह करता बंद करा, नाहीतर ती बिघडेल.

पायरी ३: घराणी ओळखा

इंजिनांची नावं पाठ करण्यापेक्षा त्यांची घराणी लक्षात ठेवा.

पहिलं घराणं जशाच्या तसं जपणाऱ्यांचं. सायमन हॉवर्ड यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेलं चॉकलेट डूम मूळ डॉस खेळाशी तंतोतंत जुळायचा प्रयत्न करतं, त्याच्या मर्यादा आणि चुकांसकट. ३२० बाय २०० चं चित्र, सेकंदाला ३५ फ्रेम, आणि एका दृश्यात जमीन-छताचे १२८ पेक्षा जास्त तुकडे आले की खेळ बंद. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आपला नकाशा मूळ डूमवर खरंच चालेल का हे तपासायला नकाशे बनवणाऱ्यांना असंच इंजिन लागतं. त्याच कोडवर उभं असलेलं क्रिस्पी डूम या मर्यादा काढून टाकतं, चित्र स्पष्ट करतं, आणि खेळाची चाल मात्र तीच ठेवतं.

दुसरं घराणं बूमचं. १९९८ मध्ये टीम टीएनटी या गटाने बूम काढलं. त्यात सरकते पट्टे, खोल पाण्याचा भास, नव्या तऱ्हेचे दरवाजे आले. त्याच वर्षी ली किलो यांनी त्यावर एमबीएफ रचलं. हे दोन्ही मूळ प्रकल्प केव्हाच थांबले, पण त्यांचे नियम राहिले. बूमवरून पीआरबूम, त्यावरून पीआरबूम-प्लस, आणि त्याच कोडवरून डीएसडीए-डूम असा वारसा चालत आला. एमबीएफवरून वूफ आलं. २०२१ मध्ये जुन्या एमबीएफमध्ये भर घालून एमबीएफ२१ हे नवं मानक ठरलं. ते डीएसडीए-डूम आणि वूफ या दोन्ही इंजिनांनी उचललं.

तिसरं घराणं झेडडूमचं. रँडी हाइट यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या या इंजिनाने डूमला पार वेगळ्याच दिशेने नेलं: वर-खाली बघणं, उड्या, स्क्रिप्ट, नवी शस्त्रं, नवे संवाद. ख्रिस्तोफ ओल्कर्स यांनी २००५ मध्ये त्याला थ्रीडी कार्डाची जोड देऊन जीझेडडूम काढलं, आणि २०१७ मध्ये मूळ झेडडूम बंद झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये जीझेडडूममध्येच फूट पडली. एआयकडून लिहून घेतलेला कोड मुख्य शाखेत आल्यावर वाद झाला, प्रकल्प कसा चालवला जातो यावरची जुनी नाराजीही वर आली, आणि योगदान देणाऱ्यांच्या एका गटाने यूझेडडूम नावाने वेगळी वाट धरली. नवख्या खेळाडूने यात घाबरण्यासारखं काही नाही. जीझेडडूमसाठी बनलेले मॉड, म्हणजे खेळाडूंनी खेळात केलेले बदल, यूझेडडूमवर चालावेत असाच त्याचा हेतू आहे. आज नव्याने घेत असाल तर मी यूझेडडूम घ्या म्हणेन.

जीपीएलचा खरा फायदा या फुटीत दिसतो. सांभाळणारे दमतात, भांडतात, नोकरी-संसारात अडकतात. कोड मात्र पुढच्या माणसाच्या हाती जातो. ज्या खेळांचा कोड असा मिळाला नाही त्यांची गत काय होते ते बघा. डूमच्याच इंजिनावर १९९६ मध्ये आलेल्या स्ट्राइफचा सोर्स कोड हरवला. शेवटी तयार प्रोग्राम उलगडून, त्याच्या वागण्यावरून, चाहत्यांनी तो पुन्हा लिहून काढला.

पायरी ४: एक इंजिन निवडा आणि सुरू करा

पहिल्यांदाच खेळत असाल तर वूफ घ्या. ते साध्या लॅपटॉपवर चालतं, सेटिंग फारसं करावं लागत नाही, आणि मूळ डूमपासून एमबीएफ२१ पर्यंतचे नकाशे चालवतं. झेडडूम घराण्यासाठीच बनवलेला मॉड खेळायचा असेल तेव्हाच यूझेडडूमकडे वळा.

डाउनलोड करताना गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या प्रकल्पाच्या पानावरच जा आणि 'रिलीजेस' भागातली ताजी आवृत्ती घ्या. खेळ उतरवून देणाऱ्या जुन्या साइटवर कित्येक वर्षांपूर्वीच्या आवृत्त्या पडून असतात. शेवटचं रिलीज कधीचं आहे आणि कोडमध्ये अलीकडे बदल झालेत का, या दोन तारखा बघायची सवय लावून घ्या. इंजिन जिवंत आहे का ते त्यावरून कळतं. चॉकलेट डूमसारख्या प्रकल्पात मात्र बदल कमीच असणार. त्याचं काम जपण्याचं आहे, तिथे शांतता म्हणजे दुर्लक्ष नव्हे.

झिप फाइल उघडून तिच्यातल्या सगळ्या फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. फोल्डरचं नाव रोमन लिपीत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. तीन दशकांच्या कोडची परंपरा असलेल्या प्रोग्रामला अवघड नावं देऊन परीक्षा घेऊ नये. आयवॅड त्याच फोल्डरमध्ये ठेवा. इंजिनाच्या फाइलवर डबल-क्लिक करा. विंडोज 'अनोळखी प्रोग्राम' असा इशारा देऊ शकतं. फाइल गिटहबच्या अधिकृत पानावरूनच घेतली असेल तर पुढे जा. लिनक्सवाल्यांचं काम याहून सोपं आहे: डेबियनच्या भांडारात चॉकलेट डूम, क्रिस्पी डूम आणि फ्रीडूम तयार मिळतात.

वेगळा नकाशा खेळायचा तर त्याची पीवॅड माउसने ओढून इंजिनाच्या फाइलवर सोडा, बस.

पायरी ५: सुसंगतता, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं

इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण नवख्यांच्या बहुतेक अडचणी इथून निघतात.

डूममधलं रेकॉर्डिंग व्हिडिओ नसतं. मूळ खेळ सेकंदाला ३५ वेळा स्वतःला पुढे सरकवतो आणि दर वेळी फक्त चार बाइट लिहून ठेवतो: पुढे-मागे किती, डावी-उजवी किती, किती वळला, कोणतं बटण दाबलं. म्हणजे एका मिनिटाचा खेळ साधारण ८,४०० बाइटमध्ये मावतो. रेकॉर्डिंग चालवताना इंजिन तीच बटणं पुन्हा 'दाबतं' आणि अख्खी लढाई नव्याने घडवतं. डूममधला नशिबाचा भागसुद्धा ठरावीक २५६ आकड्यांच्या तक्त्यातून क्रमाने उचललेला असतो, म्हणून ती लढाई दर वेळी हुबेहूब तशीच घडते.

आता कल्पना करा, एखाद्या इंजिनाने राक्षसाच्या वागण्यातली एक बारीक चूक दुरुस्त केली आणि त्यामुळे तक्त्यातला एक आकडा जास्त उचलला गेला. तिथून पुढचं सगळं सरकतं. रेकॉर्डिंगमधला खेळाडू भिंतीवर गोळ्या झाडत बसतो. नव्वदच्या दशकातली रेकॉर्डिंग आजही बरोबर चालावीत म्हणून या मंडळींनी जुन्या चुकासुद्धा जपून ठेवल्या आहेत आणि त्या चालू-बंद करायची सोय केली आहे. तिलाच सुसंगतता-पातळी म्हणतात. डीएसडीए-डूममध्ये तिला क्रमांक आहेत: २ म्हणजे डूम २, ३ म्हणजे अल्टिमेट डूम, ४ म्हणजे फायनल डूम, ९ म्हणजे बूम, ११ म्हणजे एमबीएफ, २१ म्हणजे एमबीएफ२१. वूफमध्ये हेच नावानिशी निवडता येतं.

रेकॉर्डिंगशी तुम्हाला देणंघेणं नसलं तरी ही पातळी बरोबर हवी. एक उदाहरण घ्या. पेन एलिमेंटल हा राक्षस तोंडातून जळत्या कवट्या सोडतो. मूळ डूममध्ये नकाशात वीसपेक्षा जास्त कवट्या असल्या की तो नवी सोडत नाही. ही मर्यादा धरून रचलेली लढत ती मर्यादा नसलेल्या इंजिनात खेळलात, तर कवट्यांचा नुसता पूर येतो आणि तुम्ही नकाशा बनवणाऱ्याला बोल लावता. याच्या उलटही होतं: झेडडूम घराण्यात उडी मारता येते, आणि जुन्या नकाशात उडी मारली की किल्ली न शोधताच पलीकडे जाता येतं. अशा नकाशांसाठी उडी आणि वाकणं दोन्ही बंद ठेवा.

पातळी कोणती हे नकाशासोबत आलेली मजकूर फाइल सांगते. ती वाचल्याशिवाय खेळायला बसू नका. तिच्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड इंजिन नीडेड' अशी एक ओळ असते. समोर 'नन' असेल तर मूळ डूम, 'लिमिट रिमूव्हिंग' (म्हणजे मूळ मर्यादा काढलेलं इंजिन) असेल तर क्रिस्पीपासून पुढे काहीही, 'बूम' किंवा 'एमबीएफ२१' असेल तर वूफ किंवा डीएसडीए-डूम. अलीकडच्या बऱ्याच नकाशांत ही माहिती वॅडच्या पोटातच ठेवलेली असते आणि इंजिन ती वाचून पातळी आपोआप लावतं.

पायरी ६: थोडी सेटिंग

फ्रेमची मर्यादा उठवा, म्हणजे ३५ च्या झटक्यांऐवजी हालचाल सलग दिसेल. खेळाचं आतलं गणित ३५ वरच राहतं. माउस पुढे ढकलल्यावर खेळाडू चालायला लागत असेल तर उभी हालचाल बंद करा. चॉकलेट डूममध्ये हे वेगळ्या सेटअप प्रोग्राममध्ये सापडेल. 'नेहमी धाव' चालू ठेवा. चित्राचं ४:३ प्रमाण राखणारा पर्यायही चालूच हवा. मूळ ३२० बाय २०० चं चित्र जुन्या मॉनिटरवर उभं ताणलं जायचं आणि चित्रकारांनी ते धरूनच राक्षस काढले होते. ताणलं नाही तर सगळे बुटके दिसतात. यूझेडडूममध्ये भिंती धुरकट दिसत असतील तर टेक्श्चर फिल्टर काढून टाका.

काठिण्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरीने सुरुवात करा. आजकालचे बहुतेक नकाशे प्रत्येक वेळी फक्त पिस्तूल हातात घेऊन सुरू करायच्या हिशेबाने तोललेले असतात, तेव्हा मागच्या नकाशातली शस्त्रं नेली की मजा कमी होते. वूफमध्ये पिस्तुलाने सुरुवात करायचा पर्याय आहे.

आणि सेव्ह फाइलबद्दल सावध राहा. इंजिनाची आवृत्ती बदलली की जुने सेव्ह उघडतीलच याची खात्री नसते. बत्तीस नकाशांचा संच अर्धा झालेला असताना इंजिन अपडेट करू नका. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, जुनी तशीच राहू द्या. दोन्ही मिळून जागा किती लागते तर काही एमबी.

काय खेळावं? आधी शेअरवेअरचे नऊ नकाशे पूर्ण करा. डूम २ घेतल्यावर २००३ चा 'स्काइथ' घ्या. त्याचे पहिले दहा नकाशे अगदी आटोपशीर आहेत, शेवटचे मात्र घाम काढतात. मग २०१६ चा 'एन्शंट एलियन्स', बूमसाठी बनवलेला. त्यानंतर डूमच्या पंचविसाव्या वाढदिवशी, म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये आलेला 'इव्हिटर्निटी', जो एमबीएफवर आहे. त्याचा दुसरा भाग २०२३ मध्ये आला, एमबीएफ२१ वर. इतक्या देखण्या गोष्टी लोकांनी फुकट बनवून वाटल्या आहेत याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

डूमपलीकडे

इड सॉफ्टवेअरचाच क्वेक हा खेळ जून १९९६ मध्ये आला आणि त्याचा कोड डिसेंबर १९९९ मध्ये जीपीएलखाली खुला झाला. तिथलंही घराणं सरळ आहे: फिट्झक्वेकवरून क्वेकस्पाझम, आणि त्यावरून व्हीकेक्वेक व आयर्नवेल. ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी नवं असेल तर आयर्नवेल घ्या. हजारो राक्षसांचे अवाढव्य नकाशे ते सहज ओढतं. त्याला ओपनजीएल ही चित्र काढायची प्रणाली ४.३ आवृत्तीची लागते, आणि अ‍ॅपलने मॅकवर ४.१ च्या पुढे जाऊ दिलेलं नाही. म्हणून मॅकवर व्हीकेक्वेक, जुन्या लॅपटॉपवर क्वेकस्पाझम. डेटासाठी 'इड१' नावाच्या फोल्डरमध्ये 'पॅक०' आणि 'पॅक१' या दोन फाइली हव्यात. शेअरवेअरमध्ये पहिलीच असते आणि तेवढ्यावर मॉड चालत नाहीत. लिनक्सवर या नावांतली सगळी अक्षरं छोटी ठेवा.

ड्यूक न्यूकेम ३डी या खेळासाठी ईड्यूक३२ हे इंजिन आहे. ड्यूकचा कोड २००३ मध्ये खुला झाला, पण खालच्या बिल्ड इंजिनाचा केन सिल्व्हरमन यांचा परवाना व्यावसायिक वापराला मनाई करतो, त्यामुळे तो जीपीएलइतका मोकळा नाही. ब्लड या खेळाचा कोड कधीच अधिकृतपणे खुला झाला नाही. एनब्लड हे त्याचं इंजिन तयार प्रोग्राम उलगडून लिहिलेलं आहे. खिशाला अजिबात चाट न लावता एक अख्खी मालिका खेळायची असेल तर बंजी या कंपनीची मॅरेथॉन घ्या. इंजिन अ‍ॅलेफ वन, आणि तिन्ही खेळांचा डेटासुद्धा २००५ पासून अधिकृतपणे फुकट आहे.

शेवटची पायरी: चूक सापडली तर कळवा

ही इंजिनं सांभाळणारी माणसं मोजकी आहेत आणि त्यांना यासाठी पगार मिळत नाही. नीट लिहिलेला एक बग रिपोर्ट त्यांचे कित्येक तास वाचवतो. 'खेळ बंद पडतो' एवढंच लिहू नका. इंजिनाची पूर्ण आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, आयवॅड कोणती, पीवॅड कोणती, सुसंगतता-पातळी कोणती, आणि चूक कोणत्या नकाशात कुठे होते, हे लिहा. जमल्यास त्या जागेचा सेव्ह किंवा छोटं रेकॉर्डिंग जोडा. मूळ डूमसाठीच्या नकाशात चूक दिसली तर कळवण्याआधी तोच नकाशा चॉकलेट डूममध्ये चालवून बघा. तिथेही तेच घडत असेल तर ती १९९३ पासूनची वागणूक आहे, इंजिनाची चूक नाही.

प्रोग्रामिंग येत नसेल तरी हात लावायला जागा आहे. फ्रीडूमला चित्रं, आवाज, नकाशे सतत हवे असतात. अट एकच आणि ती कडक आहे: जे द्याल ते पूर्णपणे तुमचं हवं. मूळ डूमच्या चित्रावर रंग चढवून किंवा त्याचा आवाज फिरवून बनवलेलं काहीही तिथे घेतलं जात नाही.